‘वयोमानाप्रमाणे होतंच’ असं वृद्धाश्रम सांगतो तेव्हा

प्रश्न: आई ८१ वर्षांची आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, पण माणसं ओळखते. चार महिन्यांपूर्वी तिला वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा ती काठी घेऊन चालत होती, वजन ५२ किलो होतं. आता ४७ आहे. दिवसभर खुर्चीत असते, भेटायला गेलं की पेंगत असते. इमारत स्वच्छ आहे, लोक नम्र आहेत. विचारलं की म्हणतात, ‘वयोमानाप्रमाणे होतंच.’ काळजी नीट घेतली जाते आहे की नाही, हे घरच्यांनी ओळखायचं कसं? आणि तक्रार केली तर त्याचा राग आईवर निघेल का?

उत्तर: आधी घाईचं तेवढं सांगते. पेंगणं आणि वजन, या दोन गोष्टींसाठी आईला या आठवड्यातच डॉक्टरांनी तपासायला हवं. ‘पुढच्या व्हिजिटला दाखवू’ म्हणाले तर थांबू नका. ५२ वरून ४७ म्हणजे साडेनऊ टक्क्यांहून अधिक घट. म्हाताऱ्या माणसाचं वजन प्रयत्न न करता महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं, तर कारण शोधायचंच, असा आमच्याकडे दंडक आहे. तुमच्या आई चारच महिन्यांत त्या रेषेपाशी पोचल्या आहेत.

आता ‘वयोमानाप्रमाणे’. चोवीस वर्षं मी हेच काम केलं, आधी परिचारिका म्हणून आणि नंतर दोन संस्थांची प्रमुख म्हणून. हे वाक्य मीही नातेवाइकांच्या तोंडावर फेकलेलं आहे, त्यामुळे ते कधी बोललं जातं हे मला ठाऊक आहे. ज्याचं कारण आपण शोधलेलंच नाही, त्याच्याबद्दल ते बोललं जातं. चार महिन्यांत माणसाचं वय चारच महिन्यांनी वाढतं. तेवढ्यात चालती बाई खुर्चीला खिळते आणि पाच किलो उतरते, तर मध्ये काहीतरी घडलेलं असतं.

काळजीचा दर्जा मोजायची माझी कसोटी हीच आहे. रहिवाशात बदल झाला तर तो कुणाच्या लक्षात येतो का, आणि लक्षात आल्यावर ‘का?’ असं कुणी विचारतं का? स्वच्छ इमारत, नम्र माणसं चांगलीच, पण आरोग्यसेवेचे अभ्यासक डॉ. अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा पाहण्याची जी तीन अंगं मांडली, त्यात इमारत, माणसं, साधनं हे पहिलंच अंग आहे. प्रत्यक्ष काय केलं जातं आणि त्यातून माणसाचं काय झालं, ही दोन पुढेच राहतात. भेटीला येणाऱ्याला पहिलं अंग आपोआप दिसतं. उरलेली दोन खणून काढावी लागतात.

हा ‘का?’ तसा जुना आहे. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन या डॉक्टरांकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या इस्पितळातले सातशेहून अधिक रुग्ण आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणात पडलेले, ‘आता यांचं काही व्हायचं नाही’ म्हणून सोडून दिलेले. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासलं, निदान लिहिलं, उठवून बसवलं, चालवलं, आणि त्यातले कितीतरी जण घरी गेले. वृद्धांच्या वैद्यकाची सुरुवात तिथून मानतात. त्यांच्यापाशी कुठलंही नवं औषध नव्हतं.

तुमच्या आईंकडे येऊ. वजन उतरलं की लोक ताटात काय वाढतात हे विचारतात. मी आधी विचारते, ताटातलं तोंडात जातं का, आणि त्यासाठी किती वेळ मिळतो? ज्याला भरवावं लागतं अशा माणसाला सावकाश, गिळू देत जेवायला अर्धा तास सहज लागतो. एका मदतनीसाकडे जेवायच्या वेळेला असे सहा जण असतील, तर हिशेब तुम्हीच करा. मग घास घाईने कोंबले जातात, ठसका लागतो, ठसक्याच्या भीतीने माणूस तोंड मिटतो आणि रजिस्टरमध्ये ‘जेवण नाकारलं’ अशी नोंद होते. एकदा मुद्दाम जेवणाच्या वेळी जा आणि फक्त बसून पाहा. भरवणारी बसून भरवते की उभ्याने? उभ्याने भरवलं की समोरच्याला मान वर करावी लागते, आणि मान वर करून गिळणं धोक्याचं. पहिला घास गिळल्याची खात्री करून दुसरा देते का? ताट उचलताना किती उरलं हे कुणी पाहतं का?

तोंडही उघडून पाहा. कवळी सैल झाली आहे का (वजन उतरलं की हिरड्या आक्रसतात, आणि कवळी आणखी सैल होते), जिभेवर पांढरा थर आहे का, गालाच्या आत जखम आहे का. दातांची निगा हा आमच्या धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, कारण तो कुणाला दिसत नाही. जपानमधल्या ११ वृद्धनिवासांत दोन वर्षं केलेला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. प्रत्येक जेवणानंतर ज्यांचे दात मदतनीसांनी घासून दिले, त्यांच्यात न्यूमोनियाचं प्रमाण ११ टक्के होतं. ज्यांची अशी निगा राखली नव्हती, त्यांच्यात १९ टक्के. एवढा फरक एका ब्रशने पडतो. आईचा ब्रश हातात घेऊन बघा. कोरडा ठणठणीत असेल तर समजून घ्या.

पेंगण्याबद्दल मला जास्त धास्ती वाटते. म्हातारा माणूस अचानक आरडाओरडा करू लागला, भ्रमात बोलू लागला की सगळे धावतात. पण तोच भ्रम कधीकधी उलट्या रूपाने येतो. माणूस गप्प होतो, मंद होतो, झोपाळतो. तो कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणी धावत नाही. उलट ‘आजी आता रुळल्या हं’ म्हणतात. मागे मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो, रक्तातलं सोडियम घसरलेलं असू शकतं, पाणी कमी पडलेलं असू शकतं, महिन्याभरापूर्वी पडताना डोक्याला लागून आत सावकाश रक्त साकळत असू शकतं. नाहीतर नुसतं बद्धकोष्ठही पुरतं.

आणि बऱ्याचदा औषध असतं. आईचा औषधांचा चार्ट मागा. दाखल झाली त्या दिवशीची यादी आणि आजची यादी शेजारी ठेवा. झोपेची गोळी, ‘शांत राहण्याची’ गोळी, सर्दी-खाजेची गोळी, लघवीची घाई कमी करणारी गोळी, यातली एखादी नवी दिसली तर ती कोणी, कधी, कशासाठी सुरू केली आणि कधी बंद करायची ठरली होती, हे विचारा. यातल्या बऱ्याच गोळ्या तोंड कोरडं पाडतात, पोट बांधतात, डोकं जड करतात, आणि दोन-तीन एकत्र आल्या की परिणामांची बेरीज होते. तोंड कोरडं पडलं की घास फिरत नाही, म्हणजे वजन आणि पेंग या तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. ज्येष्ठांना टाळावीत अशा औषधांची जी यादी आज जगभर वापरतात, ती अमेरिकी डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा केली ती अशाच निवासी संस्थांमधल्या वृद्धांसाठी. स्मृतिभ्रंशात ‘शांत’ करायला देतात त्या मनोविकारावरच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये सर्वांत कडक इशारा दिला, कारण ती घेणाऱ्या वृद्धांमध्ये मृत्यूचं प्रमाण दीडपटीहून जास्त दिसलं. कधीकधी ती द्यावी लागतात, नाही असं नाही. पण थोड्या मात्रेत, थोडे दिवस आणि घरच्यांना सांगून. स्वतःच्या मनाने मात्र कुठलीही गोळी एकदम बंद करू नका, त्यातही धोका असतो. डॉक्टरांसमोर दोन्ही याद्या ठेवा आणि प्रत्येक गोळीची गरज विचारा.

यात माझाही दोष आहे, तो सांगितला पाहिजे. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक होते. बोलणं जवळजवळ गेलेलं. अंघोळीच्या वेळी हात उगारायचे, एकदा मावशींना लागलंही. मी रजिस्टरमध्ये ‘हिंसक’ असा शेरा लिहिला, डॉक्टरांना सांगून गोळी सुरू करून घेतली. ते शांत झाले, म्हणजे दिवसभर झोपू लागले. दीड महिन्याने नव्याने लागलेल्या एका मुलीने मला विचारलं, ‘सिस्टर, ते गळ्यातून काढायच्या बनियनच्या दिवशीच मारतात, पुढून उघडणाऱ्या सदऱ्याच्या दिवशी नाही, असं का?’ त्यांचा उजवा खांदा आखडलेला होता. बनियन काढताना आम्ही तोच हात वर ओढत होतो. कपडे काढताना आधी चांगला हात, घालताना आधी दुखरा हात, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. खांद्यावर उपचार झाले, गोळी बंद झाली. मात्र त्या दीड महिन्यात गेलेली चाल पूर्ण परत आली नाही. ‘हिंसक’ हा शब्द मी लिहिला त्या क्षणी शोध थांबला होता, कारण शब्दच उत्तरासारखा दिसत होता.

बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं ओळखायला साधनं आहेत. २००३ पासून वापरात असलेल्या एका पद्धतीत पाचच गोष्टी पाहतात: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, शरीराची ठेवण आणि धीर दिल्यावर माणूस निवतो का. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या संस्थेत आईचं दुखणं कसं मोजतात, हे सहज म्हणून विचारा. ‘दुखलं तर सांगतील की’ असं उत्तर आलं तर तिथल्या प्रशिक्षणाची पातळी तुम्हाला कळली.

आता खुर्ची. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो स्नायूंचं वजन गेलं. ही धडधाकट माणसं होती, कसलाही आजार नव्हता. तुमच्या आईंना चार महिने कोणी चालवलं नसेल, तर हरवलेली चाल वयाने नेलेली नाही. संडासापर्यंत धरून नेण्याऐवजी डायपर लावला जातो का, हे पाहा. डायपर लावल्याने मदतनीसाची दिवसातली पाच-सहा खेपांची चाल वाचते, आणि तीच आईच्या दिवसातली एकमेव चाल असते. शिवाय ज्याला लघवी कळते त्याला ‘त्यातच करा’ म्हटलं की काही आठवड्यांत कळणंही सुटतं. मग तेही ‘वयोमानाप्रमाणे’.

खुर्ची कोणती आहे हेही बघा. खोल बैठकीची, मागे कललेली, पुढे ट्रे अडकवलेली खुर्ची म्हणजे न दिसणारी दोरी. पलंगाचे कठडेही तसेच. भ्रमातला माणूस ते ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. ‘आमच्याकडे वर्षभरात एकही जण पडला नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या संस्थेची मला भीती वाटते. जिथे म्हातारी माणसं चालतात तिथे अधूनमधून कुणी पडतंच. एकही पडत नाही याचा अर्थ एकतर कुणी चालत नाही, नाहीतर कुणी लिहीत नाही. विचारायचं असेल तर, पडल्यानंतर तुम्ही काय बदललंत, हे विचारा. चप्पल बदलली, रात्रीचा दिवा लावला, रक्तदाबाची गोळी तपासून घेतली, असं काही ऐकू आलं तर ठीक.

दिवसभर बसणाऱ्या माणसाची त्वचा स्वतः पाहा, लाजू नका. माकडहाड, नितंब, टाचा, कोपर. गोऱ्या त्वचेवर लाल डाग दिसतो आणि दाबला तरी पांढरा होत नाही, ती बेडसोअरची पहिली पायरी. सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही, म्हणून हाताने बघा: आजूबाजूपेक्षा तिथे गरम, कडक किंवा मऊ-लिबलिबीत लागतं का, आईला दुखतं का. ब्रेडन मापन नावाची सहा मुद्द्यांची पद्धत १९८७ पासून वापरात आहे. तिच्यात २३ पैकी १८ किंवा त्याहून कमी गुण आले तर धोका समजतात. आईचे गुण किती, कोणत्या तारखेचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

माणसांबद्दल थोडं. इथे मी मदतनीसांची बाजू घेणार, आधीच सांगते. वाईट काळजी देणारी दुष्ट माणसं मला चोवीस वर्षांत फार थोडी भेटली. घाईतली, थकलेली, न शिकवलेली खूप भेटली. दुसऱ्याला झेपणार नाही अशा वेगाने त्याची कामं उरकणं, हा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी स्मृतिभ्रंशाच्या माणसांना नकळत दिल्या जाणाऱ्या त्रासांमध्ये गणलेला प्रकार आहे, आणि तो बहुतेक वेळा प्रेमळ माणसांच्या हातून घडतो. म्हणून संचालकांना ‘तुमचा स्टाफ चांगला आहे का’ असं विचारून उपयोग नाही. रात्री किती रहिवाशांमागे किती जण जागे असतात? आईला रोज तीच मदतनीस असते की दर आठवड्याला नवी? सध्याच्या माणसांपैकी वर्षाहून जुनी किती? शिफ्ट बदलताना एकमेकींना काय सांगतात, लेखी की तोंडी? रोजची तीच मदतनीस असेल तर ‘काल यांनी अर्धंच खाल्लं’ हे तिला कळतं. रोज नवी असली तर तिच्या लेखी आई कायमच अर्धं खाणारी.

बोलणंही ऐका. वीस-बावीस वर्षांची मुलगी आईला ‘चल गं आजी, ऊठ’ म्हणते का? लाडाने म्हणत असेल आणि आईलाही ते आवडत असेल तर माझी हरकत नाही. पण जिला आयुष्यभर सगळे ‘अहो’ म्हणत आले, तिला विचारल्याशिवाय ‘अगं’ झालेलं खुपतं, आणि ती ते बोलून दाखवत नाही. दोघी मदतनीस तिचा पलंग आवरताना आपसात तिच्या डोक्यावरून गप्पा मारतात की तिच्याशी बोलतात, एवढंही पुरेसं सांगून जातं.

भेटीची वेळ बदलत राहा. संध्याकाळी उशिरा, सुट्टीच्या दिवशी, सकाळी अंघोळीच्या सुमाराला. आत गेल्यावर वास घ्या. एखाद्या खोलीत लघवीचा वास येणं हा अपघात असू शकतो, सगळ्या मजल्यावर कायमचा येणं ही पद्धत असते, आणि फिनेलचा-सुगंधाचा भपकारा आला तरी मी तेच समजते. बेल दाबून घड्याळ पाहा. पाण्याचा पेला आईच्या हाताच्या टप्प्यात आहे का, की टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात सकाळपासून भरलेलाच आहे?

तक्रारीचा राग आईवर निघेल का? निघू शकतो, खोटं कशाला बोलू. पण माझा अनुभव असा की राग ओढवतो तो सुरावर. ‘तुमचं लक्षच नाही’ असं म्हटलं की समोरचा बचावाला उभा राहतो. ‘१२ तारखेला ४९ किलो होतं, ३० तारखेला ४७. या मधल्या दिवसांत काय बदललं ते आपण मिळून पाहू या का?’ असं म्हटलं की त्याला रजिस्टर उघडावंच लागतं. जे बोलाल ते लेखी द्या, तारीख घालून, एका वेळी दोन-तीनच मुद्दे. आणि ज्या मदतनीसाचं काम आवडलं तिचं नावही त्याच पत्रात लिहा. तिला ते क्वचितच कुणी सांगतं, आणि पुढच्या वेळी आईबद्दल खरी माहिती तुम्हाला तीच देईल. ज्या घरची माणसं वेळ सांगून आणि न सांगता येतात, नोंदी मागतात, त्या रहिवाशाकडे जास्त लक्ष जातं. हे न्यायाचं नाही, ज्यांना कुणी नाही त्यांच्यावर तर अन्यायच आहे, पण असं होतं खरं.

मार, जखमेची न पटणारी कारणं, बांधून ठेवल्याच्या खुणा, पैशांची अफरातफर, यातलं काही दिसलं तर मात्र समजुतीचा मार्ग नाही. फोटो, तारीख, डॉक्टरांची तपासणी आणि थेट नियामक यंत्रणेकडे किंवा पोलिसांकडे.

संस्था बदलायचा विचार मनात आला असेलच. लगेच नको. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला नवी खोली, नवे चेहरे, नवा संडासाचा रस्ता हे सगळं पुन्हा शिकावं लागतं, आणि त्यात आधीच थकलेला माणूस आणखी खचतो. आधी तपासणी होऊ द्या, औषधांचा आढावा होऊ द्या, आणि संस्थाप्रमुख, रोजची मदतनीस व तुम्ही अशी एक बैठक मागा. त्यात तीनच गोष्टी ठरवून घ्या: दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन, दिवसातून ठरावीक वेळा धरून चालवणं, जेवणाला कोण बसेल. चार ते सहा आठवडे द्या. वजन तिथेच थांबलं तरी मी ते यश मानेन. ‘बघू’ म्हणत नोंदीच झाल्या नाहीत, तर मग दुसरी जागा शोधा आणि तिथे पहिल्याच दिवशी आजचं वजन, आजची चाल, आजच्या गोळ्या लिहून द्या.

बैठकीला जाण्याआधी एक काम करा. आईचा चष्मा तिच्याच नंबरचा आहे ना ते पाहा, असल्या ठिकाणी चष्मे आणि कवळ्या सर्रास अदलाबदल होतात. श्रवणयंत्र असेल तर बॅटरी बदला. नसेल तर डॉक्टरांना टॉर्चने कानात डोकावायला सांगा. ‘यांना आता काही कळत नाही’ म्हणून आमच्याकडे सोपवलेल्या किती जणांच्या कानात नुसता मळ घट्ट बसलेला निघाला, त्याची मी मोजणी सोडून दिली.